काळा ठिपका की ग्रंथी? बीजी नेच्यांच्या पानांविषयी वाचकांचे प्रश्न

बीजी नेच्यांच्या जीवाश्म पानांत दिसणाऱ्या ग्रंथी, नलिका आणि पोकळ्या यांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : बीजी नेचे म्हणजे नेमके कोण? आणि त्यांच्या पानातली ‘स्रावी रचना’ कशाला म्हणायचे?

पान नेच्यासारखे, पण पुनरुत्पादन बीजाने, अशा नामशेष वनस्पतींना बीजी नेचे म्हणतात. हे एकाच घराण्यातले सगळे सदस्य नव्हेत. कोळशाच्या काळातले लायजिनॉप्टेरिस, मेड्युलोसा आणि कॅलिस्टोफायटन यांची शरीररचना एकमेकांपासून बरीच वेगळी आहे. पुढच्या काळातले पेल्टास्पर्म, डायक्रॉयडियमचा गट आणि कायटोनिया हेही याच नावाखाली येतात. नाव सोयीचे आहे, पण त्यावरून नाते ठरवू नये.

वनस्पतीने तयार केलेले द्रव्य साठवणारी किंवा बाहेर टाकणारी पेशी अथवा पेशींचा समूह म्हणजे स्रावी रचना. बीजी नेच्यांत तिचे मुख्य प्रकार असे. पृष्ठभागावर उभा असतो तो ग्रंथिरोम, म्हणजे ग्रंथी असलेला केस. लायजिनॉप्टेरिसवर तो ठळक दिसतो. ऊतकाच्या आत लांबवर धावते ती स्रावी नलिका. मेड्युलोसाचे खोड आणि देठ यांत अशा नलिका विपुल आहेत. ऊतकातच, पण सगळीकडून बंद आणि साधारण गोल असते ती स्रावी पोकळी. कॅलिस्टोफायटनमध्ये ती जवळजवळ प्रत्येक अवयवात सापडते. याखेरीज सुट्या स्रावी पेशी असतात, आणि शिरेच्या टोकाशी पाणी बाहेर सोडणारी जलरंध्रे असतात. जलरंध्रांचा हिशेब मात्र वेगळा ठेवावा, कारण त्यांच्यात साठवण नसते.

आजच्या झाडांत हे प्रकार पाहायचे तर लिंबाचे पान उजेडासमोर धरावे. दिसणारे पारदर्शक ठिपके या स्रावी पोकळ्या आहेत. पाइनच्या सुईचा आडवा छेद घेतला तर राळेच्या नलिका दिसतात. जीवाश्माकडे वळण्यापूर्वी हे दोन छेद स्वतः पाहून घ्यावेत, म्हणजे पोकळीभोवतीच्या अस्तराची नजरेला ओळख होते. ते अस्तर पुढच्या जवळपास प्रत्येक उत्तरात येणार आहे.

प्रश्न : लायजिनॉप्टेरिसच्या पानाला बीज लागलेले कोणालाच सापडले नव्हते, तरी बीज त्याचेच हे ग्रंथींवरून ठरले असे वाचले. एवढ्याशा ग्रंथीवर इतका मोठा निष्कर्ष कसा काय उभा राहिला?

वनस्पतीचे जीवाश्म अखंड मिळत नाहीत. खोड एकीकडे, पान दुसरीकडे, बीज तिसरीकडे, आणि प्रत्येकाला स्वतंत्र नाव दिलेले. कोळशाच्या थरांत नेच्यासारखी पाने प्रचंड प्रमाणात सापडत, पण त्यांतल्या कित्येकांवर बीजाणूंची पुटकुळी कधीच दिसत नसे. पोटोनिए यांनी 1899 मध्ये नेचे आणि सायकॅड यांच्या मधल्या अशा वनस्पतींसाठी ‘सायकॅडोफिलिसीस’ असे नावही दिले होते. पुरावा मात्र हाती नव्हता.

फ्रान्सिस ऑलिव्हर आणि ड्युकिनफील्ड हेन्री स्कॉट यांनी 1903 मध्ये तो मांडला. लँकेशरच्या कोळशातल्या कोलबॉलमध्ये, म्हणजे कोळशाच्या थरात तयार झालेल्या चुनखडीयुक्त गोळ्यांमध्ये, लॅजिनोस्टोमा लोमॅक्साय नावाचे सुटे बीज मिळत होते. त्याची लांबी सुमारे साडेपाच मिलिमीटर, रुंदी सव्वाचार. बीजाभोवती एक चषिका, म्हणजे पेल्यासारखे आवरण, होती आणि तिच्यावर देठ असलेल्या ग्रंथी होत्या, डोके असलेल्या टाचणीसारख्या : खाली बहुपेशीय देठ, वर गोल डोके. लायजिनॉप्टेरिसचे खोड, पर्णाक्ष (पानाचा मधला दांडा) आणि पर्णिका (पानाचे लहान भाग) यांच्यावर नेमक्या अशाच ग्रंथी होत्या.

‘दोन्हीकडे ग्रंथी आहेत’ एवढेच साम्य असते, तर ते कोणी मानले नसते. इथे देठाची बांधणी, डोक्याचा आकार, डोक्यातल्या ऊतकाची मांडणी आणि आकारमान हे सगळे जुळत होते. त्याच थरांतल्या इतर कोणत्याही ज्ञात वनस्पतीवर अशी ग्रंथी नव्हती. चषिकेच्या देठातल्या वाहक ऊतकाची रचनाही लायजिनॉप्टेरिसशी मिळतीजुळती होती. आमच्या मते या कामातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच : तपशील एकमेकांवर अवलंबून नव्हते, तरीही सगळे एकाच दिशेने गेले. 1904 मध्ये रॉबर्ट किडस्टन यांना न्यूरोप्टेरिस हेटेरोफिलाच्या पानाला प्रत्यक्ष लागलेली बीजे मिळाली, आणि बीज धारण करणारी नेचेसदृश वनस्पती ही कल्पना पक्की झाली.

हाच मार्ग पुढे कॅलिस्टोफायटनसाठी उपयोगी पडला. खोड, पान, परागधारी अवयव आणि कॅलोस्पर्मेरियन हे बीज, या सर्वांत सारख्याच गोल स्रावी पोकळ्या आढळल्या आणि सुटे अवयव एका झाडाचे ठरवायला त्यांची मोठी मदत झाली.

मेड्युलोसाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. त्यांच्या नलिका एवढ्या सर्वसामान्य आहेत की नलिका पाहून गट सांगता येतो, जाती नाही. साम्य जितके दुर्मीळ, तितके ते जोडणीला उपयोगी.

प्रश्न : माझ्याकडच्या पर्णिकांवर काळे गोल ठिपके आहेत. त्या ग्रंथी आहेत हे कशावरून ठरवू? — वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी

बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत.

पहिली कसोटी जागेची. ठिपके शिरांच्या संदर्भात कुठे पडतात ते मोजा. दोन शिरांच्या मधल्या पट्ट्यात, ठरावीक अंतरावर, एकामागून एक पर्णिकेत तसेच दिसत असतील तर ती वनस्पतीची स्वतःची मांडणी असण्याची शक्यता मोठी. शिरेच्या अगदी टोकाशी, कडेजवळ असतील तर आधी जलरंध्राचा विचार करा. पर्णिका सोडून बाजूच्या खडकावरही तसेच ठिपके असतील तर विषय संपला. ते खनिज आहे. जीवाश्माचे दोन्ही अर्धे भाग हाताशी असतील तर दोन्हींवर पाहावे. पुष्कळदा एका अर्ध्यावरचा ठिपका दुसऱ्यावर खळगा म्हणून दिसतो, आणि ती चांगली खूण असते.

दुसरी कसोटी अस्तराची. खऱ्या स्रावी पोकळीभोवती किंवा नलिकेभोवती पेशींचा एक थर असतो. या पेशी शेजारच्या मृदूतकातल्या (साध्या, मऊ ऊतकातल्या) पेशींपेक्षा लहान, पातळ भिंतींच्या आणि पोकळीला समांतर चपट्या झालेल्या असतात. पेशी एकमेकींपासून बाजूला सरून पोकळी तयार झाली असेल तर हे अस्तर सलग आणि नीटस दिसते. पेशी विरघळून झाली असेल तर कडा फाटक्या दिसतात आणि आत भिंतींचे तुकडे राहतात. इथे सावध राहावे. जीवाश्मात सलग अस्तरसुद्धा कुजून फाटू शकते. त्यामुळे फाटकी कड पाहून ‘पेशी विरघळून झालेली पोकळी’ असे लिहू नये. कोवळ्या आणि जून पर्णिकांत तीच रचना वेगवेगळ्या अवस्थांत दिसली तरच लिहावे.

तिसरी कसोटी शेजाऱ्यांची. वाढत्या पोकळीने भोवतीच्या पेशी बाजूला दाबलेल्या असतात. त्यांच्या रांगा पोकळीला वळसा घालून जातात. मागाहून आलेली वस्तू रांगा कापून जाते. अळीने किंवा माइटने पोखरलेल्या बोगद्यात पेशींच्या भिंती तुटलेल्या दिसतात आणि आत बहुधा एकसारख्या आकाराच्या विष्ठेच्या गोळ्या असतात. अशा गोळ्यांना स्राव समजण्याची चूक सहज होते. मोठ्या वर्धनाखाली त्यांत चावलेल्या भिंतींचे तुकडे दिसले की शंका फिटते.

आता तोतयांची यादी. पायराइटच्या सूक्ष्म स्फटिकांचे गोळे पडत्या प्रकाशात पितळी चमकतात, पार जाणाऱ्या प्रकाशात ठार काळे दिसतात. म्हणून काळा गोल दिसला की प्रकाश वरून टाकून पाहावाच. कवकाच्या गोळ्यांना स्वतःची भिंत असते आणि कधी आत खणही असतात. दृढोतकाचे पुंजके गोल दिसतात, पण त्यांत पोकळी नसते, जाड भिंतींच्या पेशी भरलेल्या असतात. हेटेरँजियम या बीजी नेच्याच्या बाह्यकात, म्हणजे खोडाच्या बाहेरच्या ऊतकात, अशा पेशींच्या आडव्या पट्ट्या आहेत. रोम गळून गेल्यावर उरलेला तळ वर्तुळाकार असतो आणि त्याभोवती जाड भिंतींच्या अपित्वचा-पेशी किरणांसारख्या मांडलेल्या असतात. असा तळ दिसला तर ‘रोम होता’ एवढेच सिद्ध होते. तो ग्रंथीयुक्त होता की साधा, हे डोके सापडल्याशिवाय सांगता येत नाही.

मापाबद्दल एक गोष्ट. गोल पोकळीचा छेद प्रत्येक वेळी मधोमध जात नाही, म्हणून दिसणारी वर्तुळे खऱ्या व्यासापेक्षा लहान असतात. एकाच आकाराच्या गोलांचे यादृच्छिक छेद घेतले तर वर्तुळांचा सरासरी व्यास खऱ्या व्यासाच्या सुमारे 0.79 पट येतो. सरासरी 160 मायक्रोमीटर आली तर खरा व्यास 200च्या आसपास असू शकतो. वर्णनात किती वर्तुळे मोजली, सर्वांत मोठे केवढे आणि सरासरी किती, हे तिन्ही आकडे द्या. दाबल्या गेलेल्या पानात उलट आहे : थराच्या पातळीतला व्यास फारसा बदलत नाही, जाडी मात्र जवळजवळ नाहीशी होते. म्हणून दाबलेल्या पर्णिकेतली तबकडी आणि कोलबॉलमधल्या छेदातले वर्तुळ यांची मापे एकाच तक्त्यात शेजारी ठेवताना कोणते माप कशाचे हे स्पष्ट लिहावे.

प्रश्न : कोलबॉलची पील काढतो, पण पोकळी आहे की नलिका हे कळत नाही. शिवाय काही पीलवर शेकडो गोल दिसतात, काहींवर एकही नाही. काय चुकते आहे?

शेकडो गोल बहुधा हवेचे बुडबुडे आहेत. पील म्हणजे आम्लाने उघड्या केलेल्या पेशींच्या भिंती पातळ फिल्मवर उचलून घेणे. ही पद्धत क्रमाने तपासू.

कापलेला पृष्ठभाग काचेवर 400 नंबरच्या कार्बोरंडमने सपाट करा, मग धुऊन 600 नंबरने गुळगुळीत करा. दोन भुकट्यांच्या मध्ये दगड आणि काच नीट धुतली नाही तर 400चे कण ओरखडे पाडतात आणि त्या समांतर रेषा पीलमध्ये नलिकांसारख्या दिसतात. नंतर सुमारे 5 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात 15 ते 60 सेकंद. साधारण 37 टक्क्यांच्या तीव्र आम्लाचा 1 भाग 8 भाग पाण्यात घातला की हे प्रमाण जवळपास मिळते. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही. आम्ल चुनखडी खाते आणि पेशींच्या भिंती पृष्ठभागावर उभ्या राहतात. वेळ कमी झाला तर पील फिकट येते. जास्त झाला तर उंच राहिलेल्या भिंती आडव्या पडतात, आणि सर्वांत आधी पडते ते पोकळीचे नाजूक अस्तर. म्हणून स्रावी रचना पाहायच्या असतील तेव्हा कमी वेळाने सुरुवात करा, 15 सेकंदांनी.

धुताना पाण्याचा झोत थेट पृष्ठभागावर सोडू नका आणि बोट तर लावूच नका. दगड पूर्ण वाळू द्या. ओल राहिली तर ॲसिटोनशी मिसळून पील दुधट होते. पृष्ठभाग समपातळीत ठेवून त्यावर ॲसिटोनचा सलग थर पसरवा आणि सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म एका कडेपासून हळूहळू टेकवत न्या. मधोमध टाकली की हवा अडकते. ॲसिटोन कमी पडला तरी हवा अडकते. फिल्म टेकवल्यावर वरून दाबू नये. निदान अर्धा तास वाळू द्या. ओढण्याची घाई केली तर फिल्म सुरकुतते आणि अस्तर दगडावरच राहते. ॲसिटोन झटकन पेट घेतो, त्यामुळे खोली हवेशीर हवी आणि ज्योत जवळ नको.

बुडबुडा ओळखायचा असा : कड अगदी रेखीव आणि काळी, मध्य उजळ, वर्तुळ गणिती अचूक. पेशींच्या भिंती त्याच्याखालून सरळ जातात, वळसा घालत नाहीत. फोकस किंचित वर-खाली केला की बुडबुडा आणि भिंती वेगवेगळ्या पातळीवर स्पष्ट होतात. आणि पुढच्या पीलमध्ये त्याच जागी तो नसतो.

पोकळी की नलिका हा प्रश्न एका पीलवर सुटणारच नाही. त्यासाठी मालिका हवी. दगडाची जाडी मायक्रोमीटर या उपकरणाने मोजा, 10 पील काढा, पुन्हा मोजा आणि फरकाला 10ने भागा. एका पीलमागे 50 मायक्रोमीटर जात असतील तर 200 मायक्रोमीटरची गोल पोकळी सुमारे 4 पीलमध्ये दिसेल. लहान, मोठी, पुन्हा लहान होईल आणि संपेल. नलिका 20व्या पीलमध्येही तिथेच, फार तर किंचित सरकलेली असेल. प्रत्येक पीलच्या एका कोपऱ्यात कायम शाईने क्रमांक आणि दिशेचा बाण काढा. बाण नसेल तर पील उलटी ठेवली जाते, आणि आरशातल्या प्रतिमेवरून केलेली जुळवणी कुठेच पोहोचत नाही. दोन पीलच्या मध्ये 600 नंबरवर थोडे घासून मागच्या भिंतींची खुंटे काढून टाका. ती राहिली तर दोन पातळ्या एकावर एक दिसतात आणि एकाच अस्तराचे दोन थर असल्याचा भास होतो.

पायराइट या आम्लात विरघळत नाही. तेवढा भाग काळाच येणार. सिलिकायुक्त दगडासाठी हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागते. ते त्वचेतून हाडापर्यंत जाते आणि प्राणघातक ठरू शकते. प्रशिक्षित माणसे आणि योग्य व्यवस्था असलेल्या प्रयोगशाळेबाहेर त्याला हात लावू नये.

प्रश्न : दाबलेल्या पर्णिकेचे क्युटिकल वेगळे केले की आधी दिसणारे गडद गोळे नाहीसे होतात. ते खरे नव्हतेच का? — महाविद्यालयीन अध्यापक

बहुधा खरे होते, पण तयारी करताना हरवले. दाबलेल्या पानात वरच्या आणि खालच्या क्युटिकलच्या, म्हणजे पानावरच्या मेणचट पापुद्र्याच्या, मध्ये कोळसा झालेले ऊतक असते, आणि स्रावी पोकळीचे अवशेष त्याच थरात असतात. सुईने दोन्ही क्युटिकल उलगडली की गोळे एकाला चिकटून राहतात किंवा धुण्याच्या पाण्याबरोबर जातात.

शुल्त्झेच्या मिश्रणात, म्हणजे तीव्र नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेटचे थोडे कण यांत, तुकडा काळ्याचा तपकिरी आणि मग अंबरी होईपर्यंत ठेवतात. त्याला काही तास लागतात, कधी काही दिवस. वेळापत्रक पाळू नका, रंग पाहा. मग भरपूर पाण्याने धुऊन सौम्य अमोनियात टाकले की तपकिरी ढग सुटतो आणि क्युटिकल मोकळे होते. तुमच्या कामासाठी दोन बदल सुचवतो. एकाच पर्णिकेचे तीन तुकडे करा : एक अंबरी होण्याच्या आधीच बाहेर काढा, दुसरा नेहमीप्रमाणे, तिसरा मिश्रणात टाकूच नका. आणि पहिल्या तुकड्याची क्युटिकल न उलगडता तशीच ग्लिसरीन जेलीत बसवा. दोन थरांमधले गोळे जागेवर दिसतील आणि त्यांचे शिरांशी असलेले नातेही मोजता येईल. धुतलेले पाणी ओतून देण्यापूर्वी स्लाइडवर एक थेंब तपासा.

क्लोरेट आणि आम्ल मिळून स्फोटक वायू सुटतो. धूरकोष, गॉगल आणि हातमोजे हवेत, मिश्रण तापवू नये, सल्फ्युरिक आम्ल कधीही मिसळू नये, आणि वापरलेले मिश्रण कागदावर किंवा कापडावर वाळू देऊ नये.

प्रश्न : या पोकळ्यांत राळ होती की डिंक?

रूढीने ‘राळ’ म्हणतात, पण नुसता तपकिरी रंग पाहून तसे म्हणणे योग्य नाही. डिंक आणि श्लेष्म हे शर्करांपासून बनलेले असल्याने लवकर कुजतात. राळेतली टर्पिने टिकतात. म्हणजे जे टिकले ते राळसदृश दिसण्याकडे झुकलेले असणारच. रिकामी पोकळी मूळची रिकामी होती असे नाही.

मेड्युलोसाच्या नलिकांतला मालमसाला कोळशात सुट्या कांड्यांच्या रूपातही मिळतो. ॲपलाचियन कोळशातल्या अशा कांड्यांचा संबंध मेड्युलोसाशी जोडला गेला आहे. कोळसा तपासणाऱ्यांना हे गोलसर, पेशीरचना नसलेले कण पूर्वी कवकाचे वाटत, आणि दोन्ही एकाच नावाखाली जात. पुढे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कवकाच्या अवशेषांना ‘फंजिनाइट’ आणि स्रावांपासून आलेल्या कणांना ‘सिक्रेटिनाइट’ अशी स्वतंत्र नावे मिळाली. जुने अहवाल वाचताना ‘स्क्लेरोटिनाइट’ दिसले तर त्यात दोन्ही असू शकतात.

निळ्या किंवा अतिनील प्रकाशाखाली कमी तापलेल्या नमुन्यांतली राळ चमकते. मात्र थर जास्त तापले असतील, म्हणजे व्हिट्रिनाइट या कोळशातल्या घटकाची परावर्तकता साधारण 1.3 टक्क्यांच्या पुढे गेली असेल, तर ही चमक विझते; मग चमक न दिसणे हा कशाचाच पुरावा राहत नाही. नमुना चमकला नाही तर आधी त्याच तुकड्यातले क्युटिकल चमकते का ते पाहा. अवरक्त वर्णपटाने आणखी पुढे जाता येते, पण तिथेही पोकळीतला कण आणि शेजारचे ऊतक असे दोन वर्णपट घ्यावेच लागतात.

काहींनी विचारले आहे की कोळशाच्या (कार्बोनिफेरस) काळातले अंबर, म्हणजे जीवाश्म राळ, बीजी नेच्यांचेच का. इलिनॉयच्या कोळशातले सुमारे 32 कोटी वर्षांपूर्वीचे अंबर 2009 मध्ये ब्रे आणि अँडरसन यांनी प्रसिद्ध केले. त्याचे रसायन आजच्या सपुष्प वृक्षांच्या राळेशी जुळते, आणि तेव्हा सपुष्प वनस्पती नव्हत्याच. हे अंबर कोणत्या झाडाच्या नलिकेत सापडलेले नाही. त्यामुळे त्यावरून मेड्युलोसाच्या नलिकांचे रसायन ठरवता येत नाही.

प्रश्न : ग्रंथी कीटकांपासून संरक्षणासाठीच होत्या असे लिहावे का?

‘असाव्यात’ लिहा, आणि त्याला आधार काय तेही लिहा. मध्य फ्रान्समधल्या ब्लांझी-माँसो खोऱ्यातल्या ब्लांझिऑप्टेरिस प्रीडेंटाटा या सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या बीजी नेच्यावर ग्रंथिरोम आहेत. स्पर्श होताच त्यांतला स्राव सुटत असावा आणि संधिपादांपासून बचाव होत असावा, असे क्रिंग्ज, टेलर आणि केलॉग यांनी 2002 मध्ये मांडले. हा निष्कर्ष रोमाच्या बांधणीवरून काढलेला आहे, आणि तो तसाच उद्धृत करावा.

याहून भक्कम आधार हवा असेल तर पानांवरची इजा मोजावी लागते. एकाच थरातल्या ग्रंथीयुक्त आणि ग्रंथीहीन जातींच्या पर्णिका वेचून, किती कुरतडल्या आहेत ते दोन्हींत मोजा. कुरतडलेल्या कडेला जाडसर, गडद किनार असेल तरच पान जिवंत असताना झालेली इजा म्हणून धरा; किनार नसेल तर ती वाहून जाताना किंवा कुजताना फाटलेली असू शकते. फक्त चांगल्या पर्णिका गोळा केलेल्या संग्रहावरून ही मोजणी करू नये, कारण कुरतडलेल्या पर्णिका तिथे आधीच वगळलेल्या असतात.

प्रश्न : माझ्याकडे फक्त 10 पटींचे भिंग आहे आणि दगडावरचे ठसे. काही पाहता येईल का?

नुसता ठसा असेल, कोळशाचा थर नसेल, तर आतल्या पोकळ्या दिसणार नाहीत. मोठ्या रोमांचे ठसे आणि पर्णाक्षावरचे ग्रंथींचे खळगे दिसू शकतात. प्रकाश अगदी आडवा, एका बाजूने टाका आणि दगड फिरवत राहा. खळगा असेल तर सावली दिशा बदलते, डाग असेल तर काहीच बदलत नाही. कोळशाचा थर असेल तर दिव्यावर आणि भिंगावर एकमेकांना आडवे ध्रुवक (पोलरायझर) लावा. चकाकी जाते आणि शिरा, रोम, गडद गोळे यांतला फरक उठून दिसतो. मॅक्रोन्यूरोप्टेरिस शॉइख्झेरीच्या खालच्या बाजूचे लांब केस या पद्धतीने सहज दिसतात. ते ग्रंथी नव्हेत.

प्रश्न : ज्या जातीच्या वर्णनात स्रावी पोकळ्या आहेत, तिच्याच माझ्या नमुन्यांत त्या नाहीत. वेगळी जाती मानू का? — संशोधक विद्यार्थी

नाही, इतक्या लवकर नाही. आजच्या झाडांतही एकाच झाडाच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या, कोवळ्या आणि जून पानांत ग्रंथींची दाटी बदलते. बीजी नेच्याचे एकेक पान खूप मोठे असे, आणि तुमच्या हातातला तुकडा त्यातला नेमका कुठला हे क्वचितच ठाऊक असते. क्रिंग्ज यांनी 2000 मध्ये ब्लांझी-माँसोच्या अनेक जातींच्या पर्णिकांतले स्रावी पोकळ्यांचे अवशेष शेजारी ठेवून अभ्यासले. त्या कामाचा फायदा असा की सगळा माल एकाच खोऱ्यातला आहे. दोन वेगळ्या खोऱ्यांतल्या, वेगळ्या तापमानातून गेलेल्या नमुन्यांची तुलना करताना हा आधार नसतो.

म्हणून ‘नाहीत’ लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी दाखवा. तुमच्या त्याच नमुन्यांत तितकीच नाजूक दुसरी रचना, उदाहरणार्थ पर्णरंध्रांच्या रक्षक पेशी किंवा रोमांचे तळ, टिकलेली आहे. निदान काही तुकडे क्युटिकल न उलगडता पाहिले आहेत. आणि पानाच्या एकाहून अधिक भागांतल्या पर्णिका तपासल्या आहेत. तपासलेल्या पर्णिकांची एकूण संख्या आणि ‘होय’ मिळालेल्यांची संख्या दोन्ही छापा, जरी दुसरा आकडा शून्य असला तरी. प्रत्येक पर्णिकेचा अर्धा भाग प्रक्रिया न करता क्रमांकासह जपून ठेवा. तुमचे ‘नाहीत’ कोणाला पुन्हा तपासायचे असेल तर त्याला तोच लागणार आहे.